बिराजदार मॅडम आणि कुत्र्यांतला म्हातारा

आमच्या लातूरच्या गल्लीत नवं कुत्रं आलं की बिराजदार मॅडम आधी त्याची शेपटी उचलून बघतात. माणसांची चौकशी नंतर. कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झाल्या, पण त्यांचा तास काही सुटला न्हाई.

शेपटीखाली गाठ दिसली की म्हणणार, "आला बघा म्हातारा."

त्यांचं म्हणणं असं, की हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याला कॅन्सर झाला. कुत्रा मेला, गाठीतल्या पेशी मेल्या न्हाईत. त्या दुसऱ्या कुत्र्यात शिरल्या, तिथून तिसऱ्यात, अन् परक्या अंगात दडून राहायला शिकल्या. "तोच म्हातारा अजून जगून राहिलाय." एका लग्नाच्या पंगतीत हे सांगताना कुत्री जुगतात तवा पेशी शिरतात कशा, तेही त्यांनी उघड सांगितलं. माझी बायको पदर तोंडात कोंबून बसली. शेजारचे पाहुणे जिलेबी टाकून उठले.

मॅडम लिंगायत, घरात अंडंसुद्धा चालत न्हाई. पण गल्लीतल्या लाली कुत्रीला म्हातारा लागला, तशा नाकाला रुमाल लावून खलीलभाईंच्या मटणाच्या दुकानात उभ्या. कलेजी दाखवायची, वरून पोतं टाकायचं अन् माझ्या रिक्षातून जनावरांच्या दवाखान्यात. दर हप्त्याला एक इंजेक्शन. पॅसेंजर नाकं मुरडायले, म्हणून मी कुरकुरलो.

"नागनाथ, ह्याच्यावर इलाज हाय. मग चुकवायचा न्हाई."

शेवटच्या इंजेक्शनादिवशी लाली गायब. भर उन्हात आम्ही गंजगोलाईचा बाजार पालथा घातला. सापडली केळीच्या गाड्याखाली. मॅडम इरकली साडीसकट आत सरपटल्या. माणसं जमली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय बघायलाव? पोतं द्या," आतून आवाज आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सुई दिली. "गाठ पार विरली. न्या आता."

मॅडम उठल्याच न्हाईत. "पूर्ण म्हणा की, डॉक्टर."

"पूर्ण म्हणजे?"

"कॅन्सर बरा झाला, असं."

त्यांचे मिस्टर कॅन्सरनंच गेले. सोलापूरच्या दवाखान्याला जाताना स्टेशनवर मीच सोडायचो, मीच आणायचो. डॉक्टर काय म्हणाले, विचारलं की मॅडम नुसत्या रस्त्याकडं बघत बसायच्या.

"कॅन्सर बरा झाला, मॅडम," डॉक्टर म्हणाले.

लालीच्या पाठीवर हात फिरवत मॅडम म्हणाल्या, "अजून एकदा म्हणा."