एकास एक मापाची गाडी

गाडी मी निवडणार, असं मी जाहीर केलं आणि घरात कोणीही विरोध केला नाही. खरं तर तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

पैसे बायकोचे (ती दातांची डॉक्टर आहे, शहरातले निम्मे जबडे तिला ओळखतात), तेव्हा निवड तरी माझी असावी, एवढंच माझं म्हणणं होतं. सतरा वर्षांच्या संसारात मी एकही मोठी वस्तू निवडलेली नाही. सोफा तिने निवडला, पडदे सासूबाईंनी, माझ्या चष्म्याची फ्रेम मुलीने. एकदा तरी मी बोट ठेवीन ती वस्तू दारात यावी, अशी माझी फार इच्छा होती. या इच्छेपायी मी दोन महिने आलिशान एसयूव्हींची माहितीपत्रकं पाठ करत होतो.

मी एका सरकारी कचेरीत गटारांचे नकाशे काढतो. (हसू नका. कुणालातरी काढावेच लागतात.) त्यामुळे छापील आकड्यांवर माझं समाधान होत नाही. रविवारी सकाळी मी सोफा भिंतीला लावला आणि बैठकीच्या खोलीत, फरशीवर, खडूने ती गाडी काढली. अगदी एकास एक मापात. तीन रांगा, प्रत्येकीत दोन सीटा. घरात माणसं सहा, सीटा सहा. अडचण एकच आली. गाडी खोलीपेक्षा लांब निघाली आणि बॉनेट स्वयंपाकघरात गेलं.

"जावईबापू," सासूबाई आतून म्हणाल्या, "मी तुमच्या इंजिनात उभी आहे. चहा ठेवू की नको?"

मी त्यांना बाहेर बोलावलं आणि सहा खुर्च्या मांडून सगळ्यांना बसवलं. मधल्या रांगेत सासूबाई आणि माझे वडील, मागे मुलगा आणि मुलगी, पुढे बायको. मी चालकाच्या जागी, हातात पातेल्याचं झाकण.

पाचच मिनिटांत मुलांचं खिडकीवरून भांडण जुंपलं. (खिडकी म्हणजे खडूची रेघ.) सासूबाईंना मळमळू लागलं.

"अरे, ब्रेक हळू मार की!" वडील खेकसले. "माझे गुडघे!"

तेवढ्यात शेजारीण डोकावली.

"जरा थांबा," बायको तिला म्हणाली, "आम्ही गाडीत आहोत."

शेजारीण दार लोटून परत गेली. पण गाडी सगळ्यांना पसंत पडली. मी सतरा वर्षांत प्रथमच ताठ बसलो.

दुपारी आम्ही शोरूममध्ये गेलो. खरी गाडी माझ्या खडूबरहुकूम होती. वडिलांना दोघांनी धरून चढवलं, बाकीचे आपापल्या जागी बसले आणि मी स्टिअरिंगला हात लावला. इतक्यात सेल्समन म्हणाला, "सर, ट्रायलला मला सोबत यावं लागतं. कोणीतरी एक जण उतरा."

कोणीही हललं नाही.

"तुम्हीच उतरा ना," बायको म्हणाली. "तुम्हाला गाडी तोंडपाठ आहे. चालवते मी."

मला हे कौतुक वाटलं. मी उतरलो.

चाळीस मिनिटं मी यंत्रातली कॉफी पीत बसलो. मग गाडी परत आली. सगळे खुशीत होते.

"बुक करून टाकली!" बायको म्हणाली.

"मी निवडलेलीच?"

"तीच हो. तुमची निवड सगळ्यांना पटली."

माझा ऊर भरून आला. मी फॉर्म हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणालो, "यात पाच सीटा लिहिल्यात."

"मॉडेल हेच आहे, सर," सेल्समन म्हणाला. "फक्त मधल्या रांगेत तिघं बसतात आणि मागच्या रांगेऐवजी मोठी डिकी. मी वाटेत विचारलं, घरात माणसं किती? मॅडम म्हणाल्या, मोजा रे."

"मी दोनदा मोजली, बाबा," मुलगी म्हणाली. "पाचच भरली."

"मीही मोजली," वडील म्हणाले.

"कुठे मोजली?"

"कुठे म्हणजे? गाडीत!"

"आणि मी?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सासूबाईंनी बोटांवर पुन्हा एकदा मोजून पाहिलं. शेवटी बायको जरा वैतागूनच म्हणाली, "अहो, मग आधी सांगायचं ना, तुम्हीही येणार आहात म्हणून!"