उजवी पेटी

डॉक्टर तायडे अॅम्प्लिफायर तपासायला स्टेथॉस्कोप लावायचे. सकाळी कुणाच्या गाभण म्हशीच्या पोटाला लागलेला तोच स्टेथॉस्कोप संध्याकाळी पुसून स्पीकरच्या लाकडी पेटीच्या जाळीला लागायचा. तबकडी फिरत असायची, डॉक्टरांचे डोळे मिटलेले असायचे आणि चेहरा असा, की पेटी आता कुठल्याही क्षणी विणार.

संग्रामपूरच्या गुरांच्या दवाखान्याचे ते डॉक्टर. मी शाळेत गणित शिकवायचो आणि त्यांच्या शेजारी राहायचो. गावात वीज येऊन फार वर्षं झाली नव्हती. लोकांकडे फार तर रेडिओ. डॉक्टरांकडे मात्र स्टिरिओ होता. डावीकडे एक पेटी, उजवीकडे एक पेटी आणि मधे त्यांनी सुटे भाग आणून स्वतः जोडलेला वाल्व्हचा अॅम्प्लिफायर. बटण दाबलं की त्याच्या काचेच्या नळ्या हळूहळू लालसर व्हायच्या. "थांबा, उठून राह्यला," डॉक्टर म्हणायचे. बसलेल्या बैलाला वेळ द्यावा तसा ते त्याला वेळ द्यायचे.

दर रविवारी मला बोलावणं असायचं. प्रत्येक खुर्चीच्या चार पायांसाठी जमिनीवर खडूच्या खुणा होत्या. खुर्ची बोटभर सरकली तरी तबकडी थांबायची. खोकायचं नाही, कप बशीत ठेवायचा नाही. गाणं संपलं की डॉक्टर पुढे झुकून विचारायचे, "सांगा मास्तर. आवाज पोटातून येऊन राह्यला का नाकातून?"

"पोटातून," मी म्हणायचो.

"काऊन पुटपुटता जी? मोठ्यानं सांगा!"

एकदा "दोन्हीकडून" असं सांगून पाहिलं, तर अख्खी तबकडी पहिल्यापासून ऐकावी लागली. परीक्षेत मुलांना काय वाटत असेल ते मला त्या खुर्चीत कळलं.

त्यांची सगळी परिभाषा गोठ्यातली. खर्जातला भरदार आवाज म्हणजे गाभण म्हैस. तीक्ष्ण आवाज म्हणजे दावं तोडलेलं खोंड. ग्रामपंचायतीच्या रेडिओबद्दल त्यांनी चावडीवर उभं राहून निदान केलं होतं, "याले खुरकूत झाली." दुसऱ्याचं वाक्य ते पुरं होऊ देत नसत. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई तर इतकं हळू बोलायच्या, की त्यांनी चहा विचारला की नुसतेच ओठ हलले, हे मलाही नीट कळायचं नाही.

अशात अकोल्याहून रहीमभाई आले. त्यांचं अॅम्प्लिफायरचं दुकान होतं, लग्नाकार्यात माइक लावायचंही काम ते करत. त्यांनी नवा ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर आणला होता. आकाराने लहान, नळ्या नाहीत, गरम होणं नाही. दुसऱ्या दिवशी वडनेरला लग्नात माइक लावायचा म्हणून तारांची पिशवीही सोबत होती. डॉक्टरांनी चांगलं म्हटलं की पंचक्रोशीतली हौशी माणसं तेच यंत्र मागायची, म्हणून रहीमभाईंना त्यांचा निकाल हवा होता.

निकाल खरं तर लागलेलाच होता. "ट्रान्झिस्टर म्हंजे नाकातला आवाज," हे डॉक्टर यंत्र पाहायच्या आधीपासून सांगत होते.

त्या रविवारी एक खुर्ची जास्तीची मांडली होती. आधी वाल्व्हवर एका बाईंचं भावगीत वाजलं. मग रहीमभाईंनी तारा काढून नव्या यंत्राला जोडल्या. डॉक्टरांनी सुई पुन्हा त्याच जागी ठेवली.

आवाज डाव्या पेटीतून आला. स्वच्छ, कोरडा, एकेक शब्द सुटा. उजवी पेटी गप्प होती.

मी रहीमभाईंकडे पाहिलं. त्यांचं लक्ष तारेकडे गेलं होतं. उजव्या पेटीची तार निसटून जमिनीवर लोंबत होती.

डॉक्टर मात्र उठले, उजव्या पेटीशी उकिडवे बसले आणि जाळीला कान लावला.

"ऐका!" ते म्हणाले. "ही उजवी पेटी पाहा कशी उधळून राह्यली. खोंड हाय खोंड! मी काय म्हनलो होतो?"

माझं हसू ओठापर्यंत आलं आणि तिथेच थिजलं. डॉक्टर गंमत करत नव्हते. मुक्या पेटीला कान लावून ते मान डोलावत होते. निम्मा तालुका ज्या कानांवर आपली गुरं सोपवत होता, ते हे कान.

रहीमभाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात सुशीलाबाई दिसल्या. त्यांनी पिठाचा हात नुसता वर केला. त्या हातात विनवणीही होती आणि दटावणीही.

"बराबर हाय डाक्टरसाब," रहीमभाई म्हणाले. "खोंडच हाय."

"मास्तर, तुमी?"

"हो," मी म्हणालो, आणि त्यांच्या सवयीप्रमाणे पुन्हा मोठ्याने, "हो!"

डॉक्टर समाधानाने उठायला लागले. उठताना आधारासाठी त्यांनी पेटीवर तळवा टेकला आणि ते तसेच थांबले. वाजणाऱ्या पेटीचं लाकूड हाताखाली थरथरतं. हे लाकूड थंड, गप्प होतं. त्यांनी दुसरा तळवाही लावला. मग नजर तारेवर गेली. तारेवरून रहीमभाईंवर, माझ्यावर आणि शेवटी दारात.

गाणं डाव्या पेटीत चालूच होतं. ते बंद करायचं धाडस कुणाला होईना.

डॉक्टर खुर्चीत बसले. खुर्ची खुणेवरून सरकली, त्यांना ते कळलंही नाही.

"कदीपासून माहीत हाय तुले?" त्यांनी बायकोला विचारलं.

सुशीलाबाई काहीतरी म्हणाल्या.

"काय?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. मला ऐकू आलं. 'पहिल्यापासून,' असं त्या म्हणत होत्या. डॉक्टर त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"हिचा आवाज माह्या कानातून पहिले गेला," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "ढोराच्या छातीतला ठोका मले अजून ऐकू येते. तो जाड असते. पण हिचं बोलनं... म्हनून तर या यंत्राच्या मागं लागलो मी. म्हनलं, बाईचा आवाज मले आनून देईन असं एखादं तरी सापडंन."

रहीमभाई उठले. त्यांनी तबकडीवरची सुई उचलली, पिशवीतून लग्नाचा माइक काढला, त्याची तार स्वयंपाकघरापर्यंत नेली आणि पेट्या पुन्हा वाल्व्हला जोडून माइकही आधी त्यालाच लावला. सुशीलाबाईंनी माइक दोन्ही हातांत धरला, तापलेला तवा धरावा तसा.

"बोला भाभी."

पेट्या घुमल्या. आवाज भरदार, गोल. डॉक्टरांनी मान हलवली. "घूं घूं येते नुसतं."

मग रहीमभाईंनी पेट्या आणि माइक ट्रान्झिस्टरला जोडले, उजव्या पेटीची तार या वेळी पक्की केली. एकदा कर्कश शीळ वाजली, ओसरीवरचं कुत्रं पळालं. मग शांतता, आणि तिच्यातून आवाज आला.

"अहो. येते का ऐकू?"

डॉक्टरांची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट आवळली गेली.

"येते," ते म्हणाले. "बोल."

"काय बोलू?"

"काहीबी बोल."

मग सुशीलाबाई बोलायला लागल्या. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, ते त्यांनी सांगितलं होतं पण यांना कळलं नव्हतं. मागच्या लिंबाला यंदा फळ धरलं होतं. गुडघा दुखत होता, पण ओरडून काय सांगायचं म्हणून राहिलं होतं. आवाज थोडा कापरा होता, मग सरळ झाला, मग त्याला वेग आला.

मी आणि रहीमभाईंनी चपला घातल्या. आम्ही निघालो ते डॉक्टरांना कळलं नाही.

खिडक्या उघड्या होत्या आणि पेट्यांचं तोंड रस्त्याकडे होतं, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पिठाच्या गिरणीसमोरच्या बाया डब्यांसकट थांबल्या होत्या. गल्लीने सुशीलाबाईंचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"...आन् त्या मास्तरले सांगा, दर रविवारी चार-चार कप चहा घेऊ नोका म्हना. दुधाचं कसं पुरवते मी, मलेच माहीत."

गिरणीवर हशा उठला. मी मान खाली घालून चालू लागलो. मागून डॉक्टरांचा आवाज आला, एरवीपेक्षा कितीतरी हळू.

"हाव. मंग?"