पातेल्यावरचा कॉर्नर

फुटबॉल शिकवायला स्वतःला खेळता यावं लागतं, असं कोणी सांगितलं? नातीला कॉर्नर मारायला मी शिकवलं! अंगणात, बाह्या सरसावून!

झालं असं, की कोचबाईंनी तिला सगळ्या मुलींसमोर झापलं. "तुझा प्रत्येक कॉर्नर त्यांच्या गोलकीपरच्या हातात! उद्याच्या सामन्यात एक तरी नेमका मार, नाहीतर कॉर्नर दुसरीला देते."

पोरगी उशीत तोंड खुपसून रडली. माझं डोकं असं तापलं, की त्यावर चहा उकळला असता!

आमच्या ह्यांना खुर्चीसकट अंगणात ओढलं आणि त्यांच्या डोक्यावर स्टीलचं पातेलं उपडं घातलं.

"अगं, मी काय बुजगावणं आहे?"

"तुम्ही गोलसमोरची आपली खेळाडू आहात. हलू नका! आणि तू गं, चकाकतंय ना? तिथेच बघायचं, तिथेच मारायचं!"

पहिला बॉल शेजारणीच्या ओल्या चादरीत. ती भांडायला आली. दुसरा तिच्या कुंडीत. ती आणखी भांडायला आली! पण ऊन उतरेपर्यंत एकच आवाज. टण्ण! टण्ण! टण्ण! जेवताना मी "भाजी वाढू?" विचारलं, तर बेल वाजली समजून हे दार उघडायला उठले!

सामना भर दुपारी. बरोबरी, शेवटची मिनिटं, आणि आम्हाला कॉर्नर. नातीने मान वर केली, चकाकणारं शोधलं आणि हाणला! बॉल असा वळला, की वाऱ्याला घेरी आली असेल. थेट रेफ्रींच्या तुळतुळीत टकलावर, आणि तिथून जाळ्यात!

"गोल नाही!" रेफ्री डोकं चोळत ओरडले. "बॉल मला लागून गेला."

मी तडक मैदानात. "मग मधे कशाला तडमडलात? टोपी घालता येत नाही?"

"आजी, बाहेर व्हा! नियम आहे."

"आधी गोल द्या, मग नियम सांगा!"

मेल्याने मला लाल कार्ड दाखवलं! मला!

सामना बरोबरीतच सुटला. कोचबाई तरातरा आल्या. "एवढ्या लांबून एवढा अचूक नेम? कॉर्नर हीच मारणार. फक्त आता आपल्या मुलींच्या डोक्यावर मार, बाई!"

नात हसली. मग माझ्याकडे वळून डोळे वटारले. "आणि तू पुढच्या सामन्याला यायचं नाहीस!"

"अगं, शिकवलं कोणी?"

"आजी, यायचं नाहीस!"

नाही जाणार. शब्द म्हणजे शब्द! मैदानाच्या भिंतीबाहेर स्टूल टाकलं की आतलं सगळं दिसतं, एवढं मात्र येताना बघून ठेवलंय.