बाजूला ठेवलेला माल

बोरिवलीच्या आमच्या जुन्या भांडारात रोज सकाळी अकरा वाजता काउंटरवरचे सावंत माइकवर नावं पुकारायचे. "सौ. पेडणेकर, दुसरा मजला, कापड विभाग. आपला माल बाजूला ठेवला आहे." मग दोन मिनिटं थांबायचे. कोणी यायचं नाही. लिफ्ट मात्र वर यायची, दार उघडायचं, आत कोणी नसायचं. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. लिफ्टमध्ये काही बिघाड नाही म्हणाला.

एकदा मी तिथे रुमाल घ्यायला गेलो होतो. त्या दिवशी पाचवं नाव माझ्या आईचं होतं. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मी वर गेलो. साठीचे, सफारी घातलेले, गळ्यात टेप असलेले सावंत माझ्याकडे बघून म्हणाले, "तांबेबाईंचे ना तुम्ही? नाक तेच."

"काय ठेवलंय?"

"पडद्याचं कापड. पण तुम्हाला देता येणार नाही. ज्याने ठेवलं त्यालाच."

"आई वारली, सावंत."

"ऐकलं. वाईट झालं." गळ्यातली टेप सारखी करत ते म्हणाले, "पण नको म्हणाल्या का?"

हा त्यांचा कायदा. गिऱ्हाईक 'बाजूला ठेवा, येते' म्हणालं की माल त्याचा, ते स्वतः 'नको' म्हणेपर्यंत. काउंटरमागच्या लोखंडी कपाटात अशी एकोणीस पुडकी होती. गिऱ्हाइकांपैकी कोणी विरारला गेलं होतं, कोणी वर. सावंतांच्या लेखी दोघांत फरक नव्हता.

भांडाराच्या चार शाखांपैकी तीन बंद पडल्या होत्या. उरलेली वाचवायला मालकांनी रिया नावाची ब्रँड सल्लागार नेमली. तिने पाटी बदलली, पुतळ्यांची डोकी काढून टाकली आणि एके दिवशी अकराची घोषणा ऐकली. ती वर आली तेव्हा आईच्या पुडक्याचं पुन्हा विचारायला मी तिथे आलो होतो.

"काका, मेलेल्या लोकांना बोलावताय? पब्लिक घाबरतं ना!"

"मेले म्हणून नाही बोलवत. माल आहे म्हणून बोलवतो."

"हे आपल्या ब्रँडमध्ये बसत नाही."

"ब्रँड म्हणजे काय गं?"

"दिलेला शब्द, काका."

सावंत नुसते कपाटाकडे बघत राहिले. रियानेही क्षणभर तिकडे बघितलं. मग तिने सांगितलं, शनिवारपर्यंत कपाट रिकामं पाहिजे. त्यानंतर माइकही बंद.

सावंतांनी रजा टाकली आणि पुडकी घेऊन घरोघर फिरले. कायदा तेवढ्यापुरता वाकवला: वारसाचं 'नको' चालेल. आमच्याकडे आले तेव्हा चहाला नको म्हणाले, आणि पुडकं माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "आता तुम्ही म्हणा. म्हणजे मी मोकळा." मला म्हणता आलं नाही. ते कापड आता आमच्या खिडकीला आहे.

शनिवारी अकराच्या सुमारास मी भांडारात गेलो. कपाटात एकच पुडकं उरलं होतं. चिठ्ठीवर नाव होतं, सुलभा सावंत.

"बायको," ते म्हणाले. "निळी साडी. 'ठेवा, गणपतीला नेते' म्हणाली. गणपतीच्या आधीच गेली."

"हे नाव कधी ऐकलं नाही माइकवर."

"कसं ऐकणार? जन्मात कधी नावाने हाक मारली नाही हो. घरात नुसतं 'गो' म्हणायचो. आता माइकवर काय 'गो' म्हणू?" त्यांनी माइक माझ्यापुढे धरला. "एवढं नाव तुम्ही घ्या."

मी घेतलं. नाव, मजला, विभाग. मग त्यांच्या पद्धतीप्रमाणे दोन मिनिटं थांबलो. खाली बिनडोक्याच्या पुतळ्यांना कोणीतरी नवे कपडे घालत होतं.

लिफ्ट वर आली. दार उघडलं. आत कोणी नव्हतं.

पुडकं छातीशी धरून सावंत दारासमोर उभे होते. "इलंस गो?" असं काहीसं मालवणीत पुटपुटले, आणि अंग चोरून त्यांनी बाहेर येणाऱ्याला वाट दिली.