होडीशेजारचा खडक

लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, तर तो होडीतल्या सहलीचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावू या, असं एका रविवारी मी सहज बोलून गेलो. (सहज बोलून माझं जेवढं नुकसान झालंय, तेवढं विचार करून बोलल्यानं कधी झालेलं नाही. तशी वेळच आली नाही.)

फोटो लग्न ठरल्यानंतरचा. तलावाच्या काठाशी होडी चिखलात रुतली, आत सगळी बायकोकडची माणसं, आणि डोळे मिटून, दातओठ खाऊन मी एकट्यानं ती पाण्यात ढकलली. ही हकीकत मी आजवर दारी येईल त्याला ऐकवत आलोय. सासऱ्यांनी काठावरून काढलेला पुरावा होता. पण पोस्टकार्डाएवढा आणि धुरकट. होडी, मी आणि माझ्याशेजारी एक काळा खडक, एवढंच दिसायचं.

बायको म्हणाली, आहे तो बरा आहे, कशाला मोठा करायचा. मला तो विनय वाटला.

निगेटिव्ह सासूबाईंच्या कपाटात सापडली. स्टुडिओवाल्यानं केलेल्या स्कॅनमध्ये मी आणि खडक एकजीव झालो होतो. म्हटलं, घरीच करू. स्कॅनर आणला, त्यातून नुसती काळी पट्टी निघाली. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या ड्राफ्ट्समननं समजावलं की फिल्मच्या आरपार उजेड जायला हवा, झाकणात दिवा असलेला स्कॅनर घे. तो बदलून आणला. खडकाला कडा आल्या, मला नाही.

मग तीन आठवडे इंटरनेटवर लोकांची भांडणं वाचून नवा निर्णय घेतला : कॅमेरा, अगदी जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स आणि खालून उजेड देणारं लाइट पॅनल. कॅमेरा मेव्हण्याचा, लेन्स भाड्याची. पॅनलऐवजी बायकोच्या मोबाइलचा पांढरा स्क्रीन वापरून पाहिला, तर ऐन क्लिकच्या वेळी तिच्या मैत्रिणीचा फोन आला आणि होडीत एक हसरी बाई वाढली. मुकाट्यानं पॅनल घेतलं.

वॉशिंग मशीन फिरलं की टेबल थरथरायचं, म्हणून घरात कपडे धुणं बंद केलं. चौथ्या दिवशी मुलगी माझा शर्ट घालून कॉलेजला गेली.

शनिवारी सकाळी एकदाचं सगळं जुळलं. सासूबाईही मुद्दाम आल्या होत्या. मी धूळ उडवली, टायमर लावला, श्वास रोखला आणि मग कॉम्प्युटरवर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह केलं. चित्र असं लख्ख, की होडीचे खिळे मोजून घ्यावेत.

खडकाला हात होते.

दोन्ही होडीला टेकलेले. खडकानं बाह्या सरसावल्या होत्या, गुडघाभर चिखलात पाय रोवले होते, आणि त्याचा चेहरा या क्षणी माझ्या मागच्या खुर्चीत बसला होता. पंचवीस वर्षं मी सासूबाईंना खडक समजत आलो होतो. शेजारी मी. डोळे मिटलेले, दातओठ खाल्लेले, होडीला दोन्ही हातांनी लोंबकळणारा. माझे पाय चिखलापासून चांगले वीतभर वर होते.

"तुला माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"हो. आई म्हणाली, सांगू नकोस. मुलगा बरा आहे, उगाच खट्टू होईल."

सासूबाईंनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला आणि तेव्हा दंड चांगले होते माझे, एवढंच म्हणाल्या.

एवढा मोठा फोटो हॉलला शोभणार नाही, असं मी घाईघाईनं सुचवलं. कोणी लक्ष दिलं नाही. बायकोनं स्टुडिओवाल्याला फोन लावून मोठ्यात मोठी साइज कोणती ते विचारलं आणि भिंत मोजायला टेप काढली. एक टोक माझ्या हातात आलं, दुसरं सासूबाईंनी घेतलं.

"तुम्ही नुसतं धरून राहा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "ओढायचं मी बघते."