पाचवा संदर्भ

एकतीस वर्षं फायली हुडकण्यात गेलेल्या माणसाला एक लेख शोधणं काय जड जाणार, असं म्हणत हेडक्लार्कसाहेबांनी पायात चपला सरकवल्या. (साहेब निवृत्त झाले होते. 'साहेब' तेवढं चिकटून राहिलं होतं.)

त्यांच्या बायकोनं पन्नाशीत कॉलेजात नाव घातलं होतं. पहिलाच शोधनिबंध, 'घरातला आवाज आणि मुलांचा अभ्यास'. विद्वानांनी लिहिलेले पाच संदर्भ हवेत, हाताशी चारच. आज संध्याकाळी पाच वाजायच्या आत निबंध दिला नाही, तर वर्ष वाया.

ग्रंथालयात ग्रंथपालबाईंनी विचारलं, "पिअर-रिव्ह्यूड हवाय ना?"

"म्हणजे?"

"छापण्याआधी त्या विषयातल्या जाणकारांनी तपासलेला."

"छे छे! कुणी हाताळलेला नको. कोरा करकरीत द्या."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि कपाट दाखवलं. साहेबांना तिथं घबाडच सापडलं : 'बंदिस्त जागेत पिल्लांच्या वाढीवर सततच्या आवाजाचा परिणाम'. एवढ्या मोठ्या विद्वानानं मुलांना 'पिल्लं' म्हणावं! साहेबांना भरून आलं. त्यांनी बावीस पानांची झेरॉक्स काढली आणि विजयी मुद्रेनं घरी आले.

बायको वाचता वाचता थांबली. "अहो, ही पिल्लं सहाव्या पानावर अंडी घालायला लागलीत."

"अंडी म्हणजे शून्यं गं. पेपरात मिळाली असतील."

"आणि सातव्या पानावर पिसं गळतायत!"

चार वाजत आले होते. तिच्या डोळ्यांत पाणी बघून साहेबांना राहवेना. तिचे चारही लेख काखोटीला मारून ते पुन्हा ग्रंथालयाकडे धावले (धावले म्हणजे, त्यांच्या मानानं).

ग्रंथपालबाईंनी एका लेखाचं शेवटचं पान उघडलं. "हे वाचलं नाहीत? लेखकानं कुठून काय घेतलं, त्याची यादी असते इथं."

यादीतला तिसराच लेख नेमका निघाला. माणसांच्या मुलांवरचा. बाईंनी तो कॉम्प्युटरवर शोधून छापून दिला. तो घेऊन साहेब धापा टाकत घरी पोचले आणि पाचला चार मिनिटं असताना निबंध ऑनलाइन जमा झाला.

आठवड्यानं तो 'उत्तम' असा शेरा घेऊन परतला. साहेबांनी घाईघाईनं स्वतःचा उल्लेख शोधला. होता! तळाशी बायकोनं लिहिलं होतं : 'आभार. ग्रंथपालबाईंचे, अचूक लेख शोधून दिल्याबद्दल. आणि आमच्या ह्यांचे, दोनदा घराबाहेर गेल्याबद्दल. लिहिण्यापुरती शांतता तेवढ्यातच मिळाली.'