न भिजणाऱ्या दारूच्या सूत्राचा शोध

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. वाचणारास आयुष्य आणि ऐकणारास अक्कल लाभो. शके सतराशे पंचवीस, रुधिरोद्गारी नाम संवत्सरे, आषाढमासी, कोणे एके दौलतीत वर्तमान ऐसे जाहाले जे, तोफेची न भिजणारी दारू करावयाचे सूत्र हरपले. हे सूत्र विसाजीपंत रसायनी यांनी सिद्ध केले होते. भर पावसात तोफ डागावी आणि दारू कोरडी पेटावी, ऐसा त्याचा गुण. पंत थकले तेव्हा दिवाण अंताजीपंत यांनी, सूत्र एकाचे मुखी राहिल्यास फितूर होईल म्हणोन, ते तीन सरदारांस वाटोन दिले. दारूत कोणता पदार्थ कालवावा हे सर्जेरावांस, किती कालवावा हे निंबाजीरावांस आणि केव्हा कालवावा हे हिरोजीरावांस. मग विसाजीपंत कैलासवासी जाहाले, आणि सीमेवरील किल्ल्यास शत्रूचा वेढा पडला, आणि किल्लेदार रायाजी नाईक यांनी सांगोन पाठविले की, "दारूचा चिखल जाहाला. किल्ल्यात लेकरेबाळे आहेत. न भिजणारी दारू पावली तर किल्ला राखतो, नाही तर आम्हांस मेलेच समजावे."

मग दिवाणजींनी तिघां सरदारांस बोलाविले आणि विड्यांचे तबक पुढे केले. तो पहिला विडा कोणाचा, येथेच गाडी अडली. सर्जेराव म्हणाले, "पदार्थच नसेल तर कालवाल काय, कपाळ? मान आमचा." निंबाजीराव म्हणाले, "आमचे आजे हत्तीवर बसत तेव्हा यांचे आजे तो हत्ती धूत." हिरोजीराव भिंतीकडे तोंड करोन बसले. पहिल्या विड्यावाचून जो तोंड उघडील तो कनिष्ठ ठरेल, म्हणोन तिघेही मौन धरोन घरी गेले. सरदारांस दुखवावे तर फौजा त्यांच्या. सबब दिवाणजींनी दवंडी पिटविली की, सूत्र शत्रूने चोरिले, आणि लुमाजी जासूद यास शोधास धाडिले.

लुमाजी बैरागी जाहाला, अंगास राख फासली, शत्रूच्या छावणीत भिक्षा मागितली, दोन वेळा मार खाल्ला, आणि मग दारूखान्यात शिरला. तेथे शत्रूचा दरोगाही भिजल्या दारूपुढे कपाळ बडवीत बसला होता. लुमाजी धावत परतला आणि दिवाणजींस म्हणाला, "सरकार, सूत्र तिकडे नाही. तेही तेच हुडकीत आहेत. सूत्र आपल्याच तिघांपाशी आहे. एकेकाचे घरी जाऊन विडा द्यावा, म्हणजे ज्याचा त्याचा पहिलाच."

दिवाणजी संतापले. "तीन पहिले विडे? दौलतीत ऐसा रिवाज नाही. आणि आम्ही दवंडी पिटविली ती काय खोटी?" ऐसे बोलोन लुमाजीस बंदीखान्यात घातले. इकडे शत्रूचा जासूद तांबोळी होऊन शहरात आला. त्यास रिवाजाची अडचण नव्हती. त्याने तिन्ही वाड्यांवर जाऊन, "पहिला विडा आपणांस, बाकीचे मागाहून," म्हणोन अदबीने विडा दिला. तेव्हा प्रत्येक सरदाराने, आपलाच हिस्सा मुख्य कैसा हे पटवावयास, तो उलगडोन सांगितला. तांबोळ्याने मान डोलाविली आणि दुकान उचलिले.

मग श्रावणात भर पावसात शत्रूच्या तोफा पेटल्या आणि किल्ला पडला. रायाजी नाईक दरवाजात उभे राहोन लढले आणि तेथेच पडले. माणूस सोन्यासारखा, फुकट गेला. लेकरांचे काय जाहाले ते पुसू नये.

हे वर्तमान दरबारी आले तेव्हा सारे खाली पाहू लागले. एकटे दिवाणजी प्रसन्नमुख. म्हणाले, "पाहिलेत? सूत्र शत्रूपाशीच आहे, हे आम्ही प्रथमपासोन सांगत होतो." दरबारास ते पटले. मग दूरदृष्टीबद्दल दिवाणजींस पालखी बहाल जाहाली, आणि लुमाजीची कैद, खोटी खबर दिली म्हणोन, जन्माची जाहाली.

येणेप्रमाणे हरपलेले सूत्र कोठे आहे याचा पक्का शोध लागला. दौलतीचे कल्याण असो, उरली असल्यास.